हायपो, उन्हाळा आणि दाढेच्या नळ्या: तालुक्याच्या दवाखान्यात रूट कॅनॉल धुण्याची पद्धत बदलताना

जानेवारी २०२४ मध्ये दवाखान्यातल्या जुन्या केसेस काढून बसलो. आरसीटी, म्हणजे रूट कॅनॉलचा उपचार, होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली, वर कॅप बसलेली आणि तरी पुन्हा ठणकत आलेली दाढ, अशा केसेस वेगळ्या काढल्या. आरव्हीजीवर, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेवर, गट्टापर्चा (नळी भरायचा रबरासारखा पदार्थ) मुळाच्या टोकापर्यंत व्यवस्थित दिसत होता, आणि त्याच टोकाखाली हाडात काळी सावली, म्हणजे जंतूंनी हाड पोखरल्याची खूण. बहुतेक खालच्या पहिल्या दाढा. फाइलिंगमध्ये, म्हणजे बारीक कानशीने नळी आतून घासण्यात, खोट सापडेना. कमी पडलं होतं ते धुणं, म्हणजे नळीत हायपो (जंतू मारणारं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) खेळवणं.

दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, एका खुर्चीचा दवाखाना आहे. धुण्याची पद्धत बदलायला साधारण आठ महिने लागले. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्या बीडीएस मंडळींना तो काळ कमी करता यावा, म्हणून क्रमाने लिहितो. पेशंटनेही वाचायला हरकत नाही. तासभर तोंड उघडं ठेवायला का लावतात, ते कळेल.

आधी मूळ अडचण. दाढेच्या मुळातली नळी गोल नसते. खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात दोन नळ्या असतात आणि त्यांना जोडणारी कागदासारखी बारीक फट असते. फाइल गोल फिरते, गोल भोक पाडते. फट तशीच राहते, वर फाइलने काढलेला भुसा तिच्यात दाबला जातो. २००१ साली पीटर्स आणि सहकाऱ्यांनी मायक्रो-सीटीवर (अतिसूक्ष्म त्रिमितीय एक्स-रेवर) मोजून दाखवलं, की कुठलीही निकेल-टायटॅनियम फाइल वापरा, नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलच्या स्पर्शाविना राहतो. तिथे जंतूंचा चिकट थर असतो. तिथवर पोचू शकतो तो फक्त द्रव. धुण्याची नवी यंत्रं काय करतात, तर तो द्रव पोचवतात. हे मनात पक्कं नसेल तर विक्रेता जे दाखवेल ते घ्यावंसं वाटतं.

फेब्रुवारीत यंत्राच्या नादी न लागता सुई तपासली. सरावाचे पारदर्शक रेझिन ब्लॉक मिळतात, त्यात नळी कोरलेली असते. पाण्यात लाल शाई घालून सिरिंज भरली. ब्लॉकचं टोक मेणाने बंद करायला मात्र विसरू नका. तोंडात मुळाच्या टोकाला हाड असतं, म्हणजे नळी एका बाजूने बंद असते. उघड्या ब्लॉकमधून शाई भळाभळा वाहते आणि आपली खोटी समजूत होते.

मेण लावल्यावर चित्र पालटलं. नेहमीची २७ गेजची सुई (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक) टोकापासून पाच-सहा मिलिमीटर वरच अडली आणि लाल रंग सुईच्या पुढे जेमतेम एक-दीड मिलिमीटर गेला. खाली हवेचा बुडबुडा तसाच बसून राहिला. कितीही जोर लावा, तो हलत नाही. सगळ्या जुन्या केसेसमध्ये शेवटचे चार मिलिमीटर बहुधा असेच कोरडे राहिले असणार, हे त्या टेबलावर बसून पाहणं जड गेलं.

३० गेजची, टोक बंद आणि बाजूला छिद्र असलेली सुई घेतली. तिची बाहेरची जाडी ०.३१ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून नळी टोकाशी निदान ३० नंबरच्या फाइलपर्यंत मोठी केलेली असेल तरच ती खाली जाते. सुईवर रबर स्टॉपर लावून वर्किंग लेंथपेक्षा (नळीच्या टोकापर्यंत मोजलेल्या लांबीपेक्षा) दोन मिलिमीटर कमी मोजून ठेवायचं. सुई अडकली असं वाटलं की लगेच एक मिलिमीटर मागे. दट्ट्या अंगठ्याने नाही, तर्जनीने दाबायचा. अंगठ्याचा जोर आपल्याला कळत नाही. आणि सिरिंज स्क्रूवाली, म्हणजे लुअर-लॉकच. नुसती खोचलेली सुई दाबाने निसटली तर हायपो थेट पेशंटच्या डोळ्यात जातो.

त्याच ब्लॉकवर एक बिनखर्ची गोष्टही सापडली. नळीत नीट बसणारा गट्टापर्चाचा कोन द्रवात बुडवून दोन-तीन मिलिमीटर वर-खाली, मिनिटाला सुमारे १०० वेळा हलवला की बुडबुडा फुटतो आणि रंग टोकापर्यंत उतरतो. यंत्र घ्यायची ऐपत आज नसेल, तर इथून सुरुवात करा. यंत्र आल्यावरही वीज नसली की आम्ही हेच करतो.

एप्रिलमध्ये हायपोकडे वळलो. सोडियम हायपोक्लोराइट हे काही नवं औषध नाही. पहिल्या महायुद्धात डेकिनने जखमा धुवायला त्याचंच अर्धा टक्क्याचं द्रावण वापरलं होतं. मेलेली नस विरघळवणं आणि जंतू मारणं, ही दोन्ही कामं एकत्र करणारं दुसरं द्रावण आपल्याकडे नाही. पण त्याचं बळ क्लोरीनमध्ये असतं, आणि ऊन व उजेड लागला की ते उतरतं. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात बंद दवाखान्यातली हवा काय तापते, ते सांगायला नको. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. टीसीएल पावडरीतला (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीतला) क्लोरीन २० टक्क्यांखाली गेला की ती विहिरीत टाकायची नाही, हे त्याला शिकवलेलं असतं. आपण मात्र बाटलीवर ३ टक्के छापलंय म्हणून निश्चिंत असतो.

बाटलीत प्रत्यक्ष किती आहे ते पाहायला इथल्या ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांना विनंती केली. बारावीच्या प्रॅक्टिकलचं सामान पुरतं. एक मिलिलिटर हायपो पिपेटने मोजून साधारण ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात घालायचा, त्यात एक ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि १० मिलिलिटर अॅसिटिक अॅसिड. द्रावण आयोडीनमुळे तपकिरी होतं. मग ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंब-थेंब. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचा, निळा रंग येतो, तो गेला की थांबायचं. थायोसल्फेटच्या दर मिलिलिटरमागे ३.७२ मिलिग्रॅम सोडियम हायपोक्लोराइट. म्हणजे खऱ्या ३ टक्क्यांच्या हायपोला ८.१ मिलिलिटरच्या जवळपास थायोसल्फेट लागायला हवं.

२२ एप्रिलला तीन बाटल्या तपासल्या. खिडकीजवळच्या शेल्फवर महिनाभर उघडी असलेली: ४.९ मिलिलिटर, म्हणजे १.८ टक्के. फ्रिजमध्ये ठेवलेली: ७.८, म्हणजे २.९. आणि नुकती आलेली, सीलबंद: ६.२, म्हणजे २.३ टक्के. ही तिसरी बाटली जास्त शिकवून गेली. सील शाबूत होतं, पण माल गोदामात आणि गाडीत किती दिवस तापला याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. तेव्हापासून उत्पादनाची तारीख पाहिल्याशिवाय बाटली घेत नाही, ५०० मिलिलिटरपेक्षा मोठी घेत नाही, गडद रंगाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवतो आणि झाकणावर उघडल्याची तारीख मार्करने लिहितो. महिन्यावर गेलेली बाटली फरशी पुसायला. किराणा दुकानातलं कपड्यांचं ब्लीच वापरायचा मोह कितीही झाला तरी नको. त्यात सुगंध आणि इतर रसायनं मिसळलेली असतात.

मे महिना रबर डॅममध्ये, म्हणजे दाढ तोंडापासून वेगळी ठेवणाऱ्या रबराच्या पडद्यात, गेला. त्याशिवाय ताजा, पूर्ण ताकदीचा हायपो तोंडात नेणं धोक्याचं, आणि लाळ नळीत गेली की धुण्याला अर्थ उरत नाही. आपल्याकडची खरी अडचण खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. सुपारीने गालाच्या आतले पट्टे आखडलेले असतात, दोन बोटं तोंडात जात नाहीत. अशा तोंडात आधी क्लॅम्पला (दाढ पकडणाऱ्या चिमट्याला) रबर शीट लावून दोन्ही एकदम बसवायला जागाच मिळत नाही. आधी पंखाशिवायचा क्लॅम्प दाढेवर बसवायचा, त्याला फ्लॉसचा दोरा बांधून टोक बाहेर ठेवायचं, आणि मग शीट त्याच्यावरून ताणायची. शीट बसल्यावर पेशंटला सांगून ठेवतो: विहिरीत टाकतात त्या पावडरीचा वास किंवा चव आली तर हात वर करा. गळती शोधायला यापेक्षा चांगलं साधन आमच्याकडे नाही. अंगावर प्लॅस्टिकचा एप्रन आणि डोळ्याला चष्मा हवाच. लुगड्यावर किंवा पांढऱ्या नसलेल्या सदऱ्यावर पडलेला हायपोचा डाग जात नाही.

यंत्राची चौकशी जूनमध्ये सुरू झाली. बाजारात चार-पाच तऱ्हा आहेत. सॉनिक प्रकारात प्लॅस्टिकचं लवचीक टोक मिनिटाला दहा हजार वेळा हलतं. भिंत कापत नाही, वाकड्या नळीत सुरक्षित, पण जोर कमी. अल्ट्रासॉनिकमध्ये बारीक स्टीलची तार किंवा फाइल सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा कंपते, द्रवात भोवरे उठतात आणि बारीक बुडबुडे फुटून थर सुटतो. निगेटिव्ह प्रेशरची पद्धत उलटी आहे. द्रव वरून सोडायचा आणि अगदी बारीक नळीने मुळाच्या टोकाशी तो ओढून घ्यायचा. टोकाबाहेर हायपो ढकलला जाण्याची भीती तिच्यात सगळ्यात कमी, पण नळी ३५ नंबरपर्यंत मोठी करावी लागते आणि ती बारीक नळी भुशाने सारखी तुंबते. शिवाय चांगलं सक्शन लागतं. आमच्या कॉम्प्रेसरवर ते जमलं नाही.

लेसरचं प्रात्यक्षिक नागपूरला पाहिलं. अर्बियम-याग, २९४० नॅनोमीटर. त्याचं टोक नळीत घालतच नाहीत, दाढेच्या वरच्या पोकळीतल्या द्रवात धरतात. २० मिलिज्यूलचे, ५० मायक्रोसेकंदांचे ठोके सेकंदाला १५. द्रवातून धक्क्याची लाट नळ्यांमध्ये उतरते. काम पाहण्यासारखं आहे, यात शंका नाही. किंमत मात्र आमच्या दवाखान्याच्या सगळ्या सामानापेक्षा जास्त. डायोड लेसर त्यामानाने स्वस्त, पण तो पाण्याला फारसा हलवत नाही. तापलेला फायबर आत फिरवत मागे घ्यावा लागतो, एका जागी थांबला तर मूळ भाजतं. धुण्यासाठी म्हणून तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं. अमेरिकेतली जेंटलवेव्ह पद्धत बंद दाढेत अनेक कंपनसंख्यांच्या ध्वनिलहरींनी द्रव खेळवते, पण दर पेशंटला नवा हँडपीस लागतो. तालुक्यात हा हिशेब बसत नाही.

शेवटी बॅटरीवरचं, कॉर्डलेस अल्ट्रासॉनिक घेतलं. कारणं दोन. एक, लोडशेडिंग. दुसरं, आपलं पाणी. स्केलरला (दात साफ करायच्या यंत्राला) जोडून वापरायचं अल्ट्रासॉनिक खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर टिकत नाही. नळीत पांढरा थर बसतो आणि हँडपीस तापतो. ज्यांच्याकडे स्केलरच आहे त्यांनी त्याच्या बाटलीत आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी भरावं आणि एंडो मोडवर, सगळ्यात कमी पॉवरवर चालवावं.

किंमत १३,५०० रुपये, १२ टक्के जीएसटी १,६२०, कुरिअर २५०. एकूण १५,३७०. ३ जुलैला पार्सल आलं, ४ तारखेला यंत्र चालू होईना. वॉरंटी कार्डावरचा सीरियल नंबर आणि यंत्रावरचा नंबर वेगळे निघाले, त्यामुळे तक्रारच नोंदवून घेईनात. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढलेला होता म्हणून निभावलं. बदली यंत्र १९ दिवसांनी आलं. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि बिल दवाखान्याच्या नावाने, डॉक्टरच्या नोंदणी क्रमांकासह मागा.

मधल्या दिवसांत कागद नीट केले. बायोमेडिकल वेस्टसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. खाटा नसलेल्या दवाखान्याला ते एकदाच काढावं लागतं. सुया आणि तुटक्या फाइल पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. हातमोजे, सिरिंजची नळी लाल पिशवीत. काढलेले दात पिवळ्या पिशवीत. सुया दुपटीने वाढल्या तेव्हा डबाही मोठा लागला. पाठपुराव्याचे एक्स-रे वाढणार होते, म्हणून ई-लोरा पोर्टलवरची एक्स-रे यंत्राची एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) नोंदणीही पाहून घेतली. आणि मराठीत संमतीपत्र केलं. त्यात दोन वाक्यं मुद्दाम घातली: धुण्याचं औषध क्वचित मुळाबाहेर गेल्यास सूज व काळं-निळं पडणं होऊ शकतं, सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रेसाठी येणं आवश्यक आहे.

काढलेल्या दातांवर तीन आठवडे सराव केला. तार दोन चुकांनी तुटते. ती भिंतीला टेकवून चालवली तर, आणि वाकड्या नळीत वळणाच्या पुढे ढकलली तर. तार १५ किंवा २० नंबरची, वर्किंग लेंथपेक्षा दोन मिलिमीटर कमी, मधोमध तरंगती, आणि यंत्र तार आत गेल्यावर चालू, बाहेर यायच्या आधी बंद. हवेत चालवली की पटकन थकते. वळण जास्त असेल तर तार वळणापर्यंतच. त्याखाली गट्टापर्चाचा कोन. ऑटोक्लेव्हनंतर दर वेळी भिंगाखाली तार पाहायची, वाकलेली किंवा चमक गेलेली दिसली की टाकून द्यायची. एका तारेत साधारण वीस दाढा होतात.

पहिली दाढ १४ ऑगस्टला. पंचेचाळिशीतले शेतकरी, खालची उजवी पहिली दाढ, मागच्या मुळाखाली मोठी सावली, तोंड उघडणं २८ मिलिमीटर. “काहाडूनच टाका ना जी. मूंग तोडाले आला, मले तीन-तीन खेपा जमत नायी.” दोन खेपांत करू, पण पहिली खेप दीड तासाची, असं ठरलं.

पद्धत अशी ठेवली. पोकळी उघडल्यापासून ती हायपोने भरलेली. प्रत्येक फाइलनंतर प्रत्येक नळीत दोन मिलिलिटर हायपो, ३० गेजच्या सुईने. पुढच्या दोन नळ्या ३० नंबरपर्यंत, मागची ४० पर्यंत. फाइलिंग संपल्यावर खरं काम सुरू होतं आणि इथेच घाई होते. नळीत ताजा हायपो, २० सेकंद अल्ट्रासॉनिक, पुन्हा ताजे दोन मिलिलिटर, २० सेकंद, तिसऱ्यांदा तेच. एकदम मिनिटभर चालवण्यापेक्षा तीनदा ताजा द्रव बदलणं महत्त्वाचं, कारण क्लोरीन खर्च होत असतो. तिसऱ्या वेळीही द्रव गढूळ आला तर चौथ्यांदा. त्या दाढेत पुढच्या दोन नळ्यांमधल्या फटीतून तिसऱ्या फेरीत पांढरट भुशाचा धागा वर आला. फाइलिंग संपून वीस मिनिटं झाली होती.

मग सलाइन. मग १७ टक्के इडीटीए, एक मिनिट, त्यातले २० सेकंद यंत्र. त्याने भिंतीवरचा चुन्याचा थर सुटतो. हायपो आणि इडीटीए एकत्र येऊ द्यायचे नाहीत, क्लोरीन वाया जातो. पुन्हा सलाइन आणि शेवटी थोडा हायपो, फार वेळ न ठेवता, नाहीतर भिंतीचं डेंटिन झिजतं. क्लोरहेक्सिडीन वापरणार असाल तर त्याआधी हायपोचा थेंबही राहू नये. दोन्ही भेटले की तपकिरी साका तयार होऊन नळ्यांची तोंडं बुजतात. शेवटी पेपर पॉइंटने (शोषून घेणाऱ्या कागदी काड्यांनी) कोरडं करून दोन खेपांमधलं औषध म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं.

दुसरी खेप २४ ऑगस्टची ठरली होती, ते पोळ्यानंतर, ५ सप्टेंबरला आले. हंगामात हे होणारच, म्हणून तात्पुरतं भरण नुसतं मऊ सिमेंटचं न ठेवता वर ग्लास आयनोमरचा थर दिला होता. तो शाबूत होता, दाढ दुखत नव्हती. कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुईने धुतलं तर टोकाशी हमखास उरतं. इडीटीए आणि अल्ट्रासॉनिकने तेही निघालं. नळ्या कोरड्या झाल्या, त्याच दिवशी भरल्या.

चूक सप्टेंबरच्या अखेरीस झाली. वरच्या दाढेच्या टाळूकडच्या नळीत, टोक रुंद असताना, सुई अडकलेली कळली नाही. पेशंट एकदम ओरडली, नळीतून रक्त भरून आलं, दहा मिनिटांत गाल सुजला. लगेच थांबून भरपूर सलाइन, नळी उघडी ठेवून रक्त वाहू दिलं, बाहेरून थंड शेक, वेदनाशामक. दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक. गाल आठ दिवस निळा राहिला. रोज फोन केला, काय झालं ते त्यांच्या मुलाला तोंडावर सांगितलं. अशा वेळी डोळ्याजवळ सूज, श्वासाला किंवा गिळायला त्रास, किंवा ओठ बधिर असेल तर न थांबता मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या सर्जनचे नंबर आता भिंतीवर लावले आहेत. रुंद टोकाच्या दातांत सुई तीन मिलिमीटर कमी ठेवतो.

खर्च विचारला जातो, म्हणून एका दाढेचा हिशेब: दोन सुया ५६ रुपये, सुमारे ४५ मिलिलिटर हायपो १६, इडीटीए २२, रबर शीट २२, तारेची झीज ३२. दीडशेच्या आत. पेशंटकडून २०० जास्त घेतो. वेळ मात्र अर्ध्या तासाने वाढतो, आणि तोच खरा खर्च. प्रयोगशाळेत अल्ट्रासॉनिकने फटी जास्त स्वच्छ होतात याला भरपूर पुरावा आहे. हाड भरून येण्यात पेशंटमध्ये दिसलेला फरक तितका मोठा नाही. पेशंटला यंत्र दाखवून हमी देऊ नका.

ते शेतकरी फेब्रुवारी २०२५ मध्ये तूर विकायला आले तेव्हा एक्स-रे काढला. सावली निम्म्याहून लहान झाली होती. ऑगस्ट २०२५ च्या एक्स-रेमध्ये मागच्या मुळाभोवतीची निरोगी हाडाची पांढरी रेघ जवळजवळ पूर्ण दिसते. टोकाशी एक मिलिमीटरचा काळा ठिपका आहे. पुढचा एक्स-रे ऑगस्ट २०२६ ला, तारीख त्यांच्या कार्डावर लिहून दिली आहे.